केसपेपरवर घरही असावे : नैराश्याच्या उपचारांविषयी सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री
व सार्वजनिक आरोग्य विभागातील सर्व संबंधित अधिकारी,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : नैराश्याच्या रुग्णांच्या कुटुंबीयांना मार्गदर्शन, औषधांचा अखंड पुरवठा आणि नव्या उपचारांची सरकारी रुग्णालयांतील उपलब्धता.

महोदय,

स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका आहे. माझे थोरले बंधू तालुक्याच्या गावी शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंडिंग करून देण्याचे दुकान चालवतात. गेली तीन वर्षे ते नैराश्याच्या आजाराशी झगडत आहेत आणि त्यांच्याबरोबर आमचे सगळे घर झगडते आहे. या पत्रात मी माझे आणि गावाचे नाव देत नाही, कारण माझे नाव उघड झाले की दादांचे नाव उघड होते, आणि आपला आजार कोणाला सांगायचा हे ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे. पत्राचा मसुदा त्यांनी वाचला आहे आणि त्यांच्या होकारानेच मी ते लिहीत आहे. कोणा एका डॉक्टरांविरुद्ध किंवा रुग्णालयाविरुद्ध मला तक्रार करायची नाही. आम्हाला भेटलेल्यांपैकी बहुतेकांनी हाताशी असलेल्या वेळात शक्य तेवढे केले. माझे म्हणणे एवढेच आहे की नैराश्याच्या रुग्णाची रात्रंदिवस शुश्रूषा त्याचे घर करते, आणि त्या घराला ती कशी करायची हे शिकवण्याचे काम आपल्या आरोग्यव्यवस्थेत कोणावरही नेमून दिलेले नाही.

दादांचा आजार आम्हाला आजार म्हणून ओळखताच आला नाही, आणि तो कसा सुरू झाला हे सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. मोटार जळाली की जुनी तार काढताना ती किती गेजची होती आणि प्रत्येक कॉइलला किती फेरे होते हे मोजून वहीत लिहून ठेवतात, आणि नव्या तारेचे तेवढेच फेरे भरतात. फेरे मोजण्यात दादांची कधी चूक होत नसे. एका उन्हाळ्यात मी दुकानात गेले तर दारात नऊ मोटारी ओळीने पडलेल्या होत्या, प्रत्येकीला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली होती, आणि दादा स्टुलावर बसून हातातल्या अर्धवट कॉइलकडे नुसते पाहत होते. मला म्हणाले, "चाळीसपर्यंत जातो आणि मग आकडाच हरवतो. परत पहिल्यापासून मोजतो, परत हरवतो." पिकांना पाणी हवे असण्याचे ते दिवस होते, शेतकरी दारात येऊन बोलून जात होते, आणि दादा त्यांना उत्तर देण्याऐवजी दुकान उघडायचेच टाळू लागले होते.

आम्ही त्याला आळस म्हटले. मग डोळे तपासले, नंबर बदलला. पहाटे तीनला त्यांना जाग येई आणि पुन्हा झोप लागत नसे, तेव्हा आम्ही त्याला वय म्हटले. जेवण कमी झाले, छातीत जड वाटू लागले, पाठ दुखू लागली, तेव्हा पित्ताच्या गोळ्या, ईसीजी, सोनोग्राफी असे सगळे रीतसर झाले आणि रिपोर्ट नॉर्मल आल्यावर घरात असे बोलले जाऊ लागले की हे सगळे मनाचे खेळ आहेत. एका नातेवाइकाने बाहेरचे काही असेल म्हणून उतारा उतरवायला सांगितले. दुसऱ्याने सुचवले की आठ दिवस देवदर्शनाला न्या, मन रमेल. आम्ही तेही केले. गर्दीत दादा रांगेतून बाजूला होऊन एका पायरीवर बसले आणि वहिनींना म्हणाले की सगळ्यांना काहीतरी मागायचे आहे, मला काहीच मागावेसे वाटत नाही. कशातच रस न उरणे, काहीच हवेसे न वाटणे हे नैराश्याचे मुख्य लक्षण आहे, हे मी पुष्कळ नंतर वाचले. त्या दिवशी आम्हाला ते अश्रद्धपणाचे बोलणे वाटले.

उदास वाटणे किंवा कशातच रस न वाटणे, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, शक्ती, एकाग्रता, हालचालींचा वेग, स्वतःविषयीची अपराधी भावना यांत बदल, असे दोन आठवडे जवळपास रोज राहिले तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. ते ओळखण्यासाठी नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली जगभर वापरली जाते आणि तिच्यातले पहिले दोन प्रश्न तर कोणीही विचारू शकते. आमच्याकडे माणूस "मी उदास आहे" असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, डोके जड आहे, अंगात त्राण नाही, जीव घाबरा होतो, कशात जीव लागत नाही. फॅमिली डॉक्टरांकडे, ग्रामीण रुग्णालयात, आशाताईंपुढे रोज हेच शब्द येत असतात. ते ऐकणाऱ्याने हे दोन प्रश्न विचारले असते तर आमचे सात महिने वाचले असते.

अखेर जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी निदान केले, रोज एक गोळी लिहून दिली आणि बाहेर रांग असल्यामुळे दारापर्यंत येत वहिनींना सांगितले, "पेशंटला आनंदी ठेवा." आमच्या घराला मिळालेले मार्गदर्शन एवढेच.

यातून काय झाले ते सांगते. ही औषधे सुरू केली की पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता, पोट बिघडणे असे त्रास होऊ शकतात आणि बहुधा ते आपोआप कमी होतात. गुण मात्र दोन ते चार, कधी सहा आठवड्यांनी दिसू लागतो. म्हणजे सुरुवातीचे दिवस असे असतात की त्रास दिसतो आणि फायदा दिसत नाही. आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते. दादांना मळमळू लागले, नवव्या दिवशी आईने ठरवले की गोळी बाधली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, अतिशय प्रेमाने, औषध बंद केले. पुढे पुन्हा औषध सुरू होऊन चार महिन्यांनी ते बरेच सावरले, तेव्हा दुसरी चूक झाली. आता बरे वाटते आहे, मग गोळ्यांची सवय कशाला लावायची, असे म्हणून आम्ही त्या पुन्हा थांबवल्या. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचे असते, ते थांबवायचे तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करत थांबवायचे असते, आणि या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही, ही तीन वाक्ये आम्हाला वेळेवर मिळाली असती तर दादांना दुसऱ्यांदा अंथरूण धरावे लागले नसते. मी शिक्षिका आहे, घरात दोन पदवीधर आहेत, आणि तरीही आम्ही हे केले.

आनंदी ठेवा या सल्ल्याने तर घराचे हालच झाले. वहिनी रोज गोडधोड करू लागल्या, पाहुण्यांना बोलावू लागल्या, टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लावू लागल्या, आणि दादा हसले नाहीत की रात्री स्वयंपाकघरात रडू लागल्या, कारण त्यांना वाटे की आपणच कमी पडतो आहोत. दादांना वाटे की आपल्यासाठी सगळे एवढे करताहेत आणि आपल्याला हसूही येत नाही, म्हणजे आपण किती नालायक. या आजारात मुळातच अपराधीपणा असतो. आमच्या प्रेमाने त्यात रोज भर पडत होती. दुसरीकडे आम्हीच वैतागून "तुम्हाला काय कमी आहे", "मन घट्ट करा", "पोरांकडे बघून तरी उठा" असेही बोलत होतो. १९७६ साली इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले होते की घरी सतत टीका होत असेल तर नैराश्याचा आजार पुन्हा उलटण्याची शक्यता वाढते. जवळपास अर्धशतक जुनी ही माहिती आमच्या तालुक्यापर्यंत आलेली नाही.

ती येऊ शकते आणि ती आल्याने फरक पडतो, हेही मी पाहिले आहे. दुसऱ्या खेपेला उपजिल्हा रुग्णालयात एक समुपदेशक ताई होत्या. त्यांनी आम्हाला, म्हणजे दादा, वहिनी, आई आणि मी अशा चौघांना समोर बसवून चाळीस मिनिटे दिली. त्यांनी आईला विचारले की दादांचा पाय मोडला असता तर तुम्ही त्यांना पळायला सांगितले असते का, आणि आई पहिल्यांदा गप्प झाली. त्यांनी दादांना एक काम नेमून दिले, रोज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाची पिशवी आणायची. आणि आम्हाला दुसरे काम दिले, त्यांच्या मागे जायचे नाही, उशीर झाला तर टोकायचे नाही, आणि आणली तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, फक्त चहा ठेवायचा. पहिल्या दिवशी दादा एक चप्पल पायात घालून खाटेच्या कडेवर पाऊण तास बसून राहिले. दुसरी चप्पल घालणे त्यांना जमत नव्हते. वहिनी आत भांडी घासत राहिल्या, बाहेर आल्या नाहीत. मग ते उठले, गेले आणि दूध घेऊन आले. पुढच्या भेटीला आम्ही गेलो तेव्हा त्या ताईंची कंत्राटी नेमणूक संपलेली होती आणि खोलीला कुलूप होते.

त्या ताईंनी जे केले ते काही त्यांच्या मनचे नव्हते. मन लागले की काम करू, असे न म्हणता छोटे काम आधी करायचे आणि त्यातून मन हळूहळू मागे येऊ द्यायचे, ही पद्धत शेजारच्या गोव्यात तपासून पाहिलेली आहे. तेथे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि 'संगथ' संस्थेच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन सहा ते आठ भेटींचा उपचार दिला. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांपैकी हे समुपदेशन मिळालेल्यांत तीन महिन्यांनी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. आपल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत राबवलेल्या 'विश्राम' या कार्यक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलून लोकांना उपचारांशी जोडले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे मार्ग माहीत आहे, तो आपल्याच मातीत चालून पाहिलेला आहे, आणि त्यासाठी मोठ्या इमारती लागत नाहीत. प्रशिक्षित माणूस लागतो आणि तो माणूस वर्षानुवर्षे त्याच खुर्चीत टिकावा लागतो.

घराला उपचारात घेण्याची कल्पनाही परकी नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबूंमध्ये राहायला बोलावले, त्यांना आजार समजावून सांगितला आणि शुश्रूषा शिकवली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार केंद्रातही रुग्णाबरोबर घरचे माणूस राहते आणि शिकते. जगाने नंतर ज्याचे कौतुक केले ते आपल्या देशात तेव्हा होत होते. आमच्या जिल्ह्याच्या ओपीडीत मात्र रुग्णासाठी एकच स्टूल असते आणि वहिनी भिंतीला टेकून उभ्या असतात.

कायदा तर आपल्या बाजूने स्पष्ट उभा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याचे कलम १८ प्रत्येक व्यक्तीला सरकारी मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देते, आणि शासनाने कोणत्या सेवा द्यायच्या याची जी यादी त्याच कलमात आहे, तीत रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवांचा नावाने उल्लेख आहे. आम्ही जे मागतो आहोत ते म्हणून कोणाची मेहेरबानी नाही. त्याच कलमात असेही म्हटले आहे की आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या स्तरापासून वर सर्व सरकारी रुग्णालयांत रुग्णांना सर्व काळ मोफत उपलब्ध असली पाहिजेत. कायद्यातल्या 'सर्व काळ' या शब्दांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते.

आमच्या वहिनी गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटाच्या मागे बॉलपेनने वार आणि तारीख लिहितात, म्हणजे गोळी घेतली की नाही हा वाद राहत नाही. त्यांच्याकडे ही रिकामी पाकिटे रबर लावून जपून ठेवलेली आहेत आणि त्यांवरून आमच्या सरकारी रुग्णालयात औषध कधी कधी नव्हते याचा हिशेब लागतो. एका महिन्यात तीस गोळ्यांऐवजी दहा मिळाल्या आणि दहा दिवसांनी पुन्हा या, असे सांगण्यात आले. दुसऱ्या महिन्यात ते औषध नव्हते म्हणून दुसरे दिले गेले, आणि तिसऱ्या महिन्यात पहिले परत आले. दहा दिवसांच्या गोळ्यांसाठी एक रजा, दोन तिकिटे, बंद दुकान आणि चौसष्ट किलोमीटरचा एसटीचा प्रवास, आणि ज्या माणसाला चप्पल घालायला पाऊण तास लागतो त्याला तो करायचा असतो. औषध अचानक तुटले की चक्कर, चिडचिड, झोप उडणे असे त्रास होतात आणि आजार उलटण्याची भीती असते. ही जुनी, स्वस्त, जेनेरिक औषधे आहेत. त्यांच्या पुरवठ्यात खंड पडण्याचे कारण त्यांची किंमत असू शकत नाही. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या एकदम मिळतात, तशा स्थिरावलेल्या रुग्णाला नैराश्याच्या गोळ्याही घराजवळच्या ग्रामीण रुग्णालयातून एकदम मिळाव्यात, आणि आत्मघाताचा धोका असलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्या घरच्यांच्या ताब्यात द्याव्यात.

आता नव्या उपचारांविषयी. पहिल्याच औषधाने सगळेच बरे होत नाहीत. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण बरे वाटलेल्यांचे प्रमाण साधारण एक तृतीयांश होते. बाकीच्यांना औषध बदलावे लागते, जोड द्यावी लागते, समुपदेशन वाढवावे लागते. दोन औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊनही गुण आला नाही तर डॉक्टर त्याला उपचारांना दाद न देणारे नैराश्य म्हणतात. दादा त्या गटात गेले तेव्हा डॉक्टरांनी पुण्याला जाऊन चुंबकीय उपचार घेण्याचे सुचवले.

घरात या शब्दानेच घबराट झाली. आईला वाटले शॉक देणार. म्हणून जे मी स्वतः पाहिले ते येथे लिहिते. रुग्ण दाताच्या दवाखान्यात असते तशा खुर्चीत जागा असतो, भूल नसते, आणि कपाळाच्या डाव्या बाजूला वर, केसांच्या रेषेमागे, इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल टेकवतात. तिच्यातून वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्यामुळे मेंदूच्या त्या भागात, जो नैराश्यात मंदावलेला आढळतो, सूक्ष्म विद्युतप्रवाह उमटतो. टक् टक् असा मोठा आवाज येतो म्हणून कानात बोळे घालतात. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावे लागते. डोके दुखू शकते; फिट येण्याचा धोका फार थोडा पण असतो; डोक्यात धातूचे रोपण असेल तर हा उपचार करत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यासाठी त्याला २००८ मध्ये मान्यता दिली, म्हणजे तो आता तितका नवाही राहिलेला नाही. २०१८ मध्ये कॅनडातील अभ्यासाने दाखवले की साडेसदतीस मिनिटांच्या सत्राऐवजी तीन मिनिटांच्या आधुनिक पद्धतीनेही तेवढाच गुण येतो. यंत्र एकच, पण दिवसाला कितीतरी जास्त रुग्ण. सरकारी रुग्णालयाच्या दृष्टीने हा बदल फार महत्त्वाचा आहे.

दादांनी ती कॉइल हातात घेऊन पाहिली. किती फेरे असतील असे त्यांनी तंत्रज्ञाला विचारले, आणि दोन वर्षांत त्यांनी आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न होता. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी घरी फोन करून कोणाची मोटार अडली आहे का, अशी चौकशी केली. चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. त्यांचे औषध आजही चालू आहे आणि काही दिवस आजही जड जातात; पण दुकान उघडते आणि फेरे मोजता येतात. त्यासाठी वहिनींचे दागिने गहाण पडले, आम्ही महिनाभर पुण्यात नातेवाइकांच्या घरी राहिलो, आणि ज्यांचे पुण्यात कोणी नाही त्यांनी काय करावे, या प्रश्नाचे उत्तर मला सापडलेले नाही.

दुसरा नवा उपचार केटामाइनचा. हे भुलीचे जुने औषध कमी मात्रेत दिल्यास काही रुग्णांमध्ये काही तासांत किंवा एकदोन दिवसांत फरक दिसतो, कारण ते नेहमीच्या गोळ्यांपेक्षा मेंदूतल्या वेगळ्या रासायनिक मार्गावर काम करते. त्याच कुळातील एस्केटामाइनच्या नाकातल्या फवाऱ्याला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली, पण ते घरी न्यायला देत नाहीत. दवाखान्यातच घेऊन दोन तास देखरेखीखाली थांबावे लागते, कारण रक्तदाब वाढतो, भान हरपल्यासारखे होते आणि गैरवापराचा धोका असतो. आलेला गुण प्रत्येकात टिकतोच असे नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी अमेरिकेत २०२३ मध्ये झुरानोलोन ही चौदा दिवस घ्यायची गोळी मंजूर झाली आहे. त्या नैराश्याला आपल्याकडे अजून 'बाळंतवाऱ्याचे' म्हणून सोडून दिले जाते. या सगळ्यांबद्दल समाजमाध्यमांवर जाहिराती फिरतात आणि थकलेले घर कशावरही विश्वास ठेवते. म्हणून कोणता उपचार कोणासाठी, किती खात्रीचा आणि कोणत्या धोक्याचा, याची मराठीतली विश्वासार्ह माहिती शासनाकडूनच यायला हवी.

आणि ज्याला लोक शॉक म्हणतात, त्याविषयीही यायला हवी. तीव्र नैराश्यात, विशेषतः रुग्ण खाणेपिणे सोडतो किंवा जिवाचा धोका असतो तेव्हा, विद्युत उपचार हा आजही अत्यंत परिणामकारक उपाय आहे. २०१७ च्या कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो करण्यास मनाई केली आहे. काही काळ विस्मरणाचा त्रास होऊ शकतो आणि तोही आधी सांगितला पाहिजे. पण 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला पाठवा' हे ज्या समाजात चेष्टेचे वाक्प्रचार आहेत, तेथे ज्याचा जीव वाचू शकतो असा माणूस केवळ या भीतीपायी उपचारापासून लांब राहतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली आणि ती देशातील राज्यांत सर्वाधिक होती. त्या सगळ्यांमागे नैराश्यच होते असे नाही; कर्ज, दारू, घरातले कलह, आजारपण यांची गुंतागुंत असते. पण जवळच्या माणसाला "तुम्हाला मरावेसे वाटते का" असे विचारल्याने तो विचार त्याच्या मनात नव्याने येत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे. मी दादांना हा प्रश्न विचारायला पाच महिने लावले. विचारला तेव्हा ते म्हणाले, "कोणीतरी विचारील असं वाटत होतं." शासनाची 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे, तेथे मराठीत बोलता येते, आणि घरच्या माणसांनीही तेथे फोन करावा. हा क्रमांक आमच्या रुग्णालयाच्या केसपेपरवर छापलेला नाही. तो छापायला शासनाला कितीसा खर्च येईल?

घराला शिकवणे म्हणजे घराकडून आणखी काम करून घेणे, असा अर्थ कृपया काढू नये. वहिनींचे वजन या तीन वर्षांत आठ किलोंनी उतरले. त्यांना रक्तदाब आहे हे शेवटी माझ्या आग्रहामुळे समजले, कारण दर महिन्याला त्या ज्या ओपीडीत तासन्‌तास उभ्या असत तेथे त्यांना कोणी विचारले नव्हते. माझा भाचा दहावीत होता. एका संध्याकाळी गच्चीवर त्याने मला विचारले, "आत्या, बाबांना माझ्यामुळे झालंय का हे? मला चाचणीत कमी पडले तेव्हापासून ते बोलत नाहीत." दीड वर्ष तो मुलगा हे मनात घेऊन शाळेत जात होता. त्याला कोणीतरी सांगायला हवे होते की आनुवंशिकता, शरीर, ताण आणि परिस्थिती अशा अनेक गोष्टी मिळून हा आजार होतो आणि तो कोणाच्या गुणपत्रिकेमुळे होत नाही.

२०१५-१६ च्या पहिल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे दिसले होते. ते सर्वेक्षण ज्या बारा राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या राज्याचे, तालुक्यांपर्यंतचे चित्र आपण स्वतः मोजावे आणि प्रसिद्ध करावे, ही माझी विनंती आहे.

बाकीच्या विनंत्या वर येऊन गेल्याच आहेत. अंमलबजावणीपुरत्या पुन्हा सांगते. नैराश्याचे निदान होईल त्या दिवशी, त्यानंतर पंधरा दिवसांनी आणि औषध कमी करण्याच्या वेळी, रुग्णाच्या संमतीने त्याच्या घरच्यांना अर्धा तास द्यावा आणि त्याची नोंद केसपेपरवर व्हावी, म्हणजे तो दिला गेला की नाही हे तपासता येईल. त्यासाठी समुपदेशकांची पदे उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत कायमस्वरूपी भरावीत. त्या भेटीत काळजी घेणाऱ्याचाही रक्तदाब मोजावा आणि झोपेची चौकशी करावी. आशाताईंना नैराश्य ओळखण्याच्या प्रश्नावलीतले पहिले दोन प्रश्न विचारण्याचे प्रशिक्षण आणि त्या कामाचा मोबदला मिळावा. चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत चुंबकीय उपचाराची सोय व्हावी, आणि दाखल न होता घ्यावयाचे असे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसवावेत, कारण ही योजना मुख्यतः दाखल रुग्णांभोवती बांधलेली आहे आणि नैराश्याचा बहुतेक उपचार ओपीडीत होतो.

दादांची पुढची तारीख येत्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आहे. मागच्या वेळी पंधराच गोळ्या मिळाल्या, म्हणून उरलेल्या आम्ही बाहेरून विकत घेतल्या. त्या मंगळवारी खिडकीवर तीस गोळ्या असाव्यात, एवढे तरी आपण पाहावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका, दादांची धाकटी बहीण